जँगोत केलेली साइट शेअर्ड होस्टिंगवर का चालत नाही? कुठलं होस्टिंग घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादरच्या एका वाचनालयासाठी सभासद-नोंदणी आणि पुस्तकांची देवघेव जँगोत, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये, केलीत. वाचनालयाची वर्डप्रेसची साइट ज्या शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक साइट्सना वाटून दिलेला) आहे, तिथेच एफटीपीने, म्हणजे फाइली कॉपी करून, चढवलीत. आता ब्राउझरमध्ये साइटऐवजी फाइलींची यादी दिसते, आणि कंपनी म्हणते पायथन सपोर्ट आहे.

सगळ्यात आधी ते फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या, म्हणजे ब्राउझरला उघड्या असलेल्या फोल्डरच्या, बाहेर हलवा. आत्ताच. सेटिंग्जच्या फाइलीत सीक्रेट की (जँगोची गुप्त किल्ली) असते, बहुतेक वेळा डेटाबेसचा पासवर्डही असतो, आणि ती फाइल कोणीही उतरवून घेऊ शकतं. दोन्ही बदलून टाका.

आता मूळ दुखणं. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत आहे, तिची फाइल फोल्डरमध्ये ठेवली की काम झालं. पान मागितलं की सर्व्हर ती चालवतो आणि मोकळा होतो. जँगोला मात्र मागे सतत जागी असलेली प्रोसेस लागते, आणि वेब सर्व्हरने डब्ल्यूएसजीआय या ठरलेल्या पद्धतीने तिच्याशी बोलावं लागतं. ती सोय नसेल तर तुमच्या फाइली म्हणजे त्या सर्व्हरच्या दृष्टीने नुसता मजकूर.

त्यामुळे 'पायथन सपोर्ट आहे का?' हा प्रश्नच कुचकामी. मी छोट्या संस्था आणि दुकानांच्या साइट्स करतो, हा संवाद मला पाठ झालाय. चॅटवरचा मुलगा सांगतो, 'येस सर, पायथन सपोर्टेड आहे.' एसएसएचने (सर्व्हरवर दुरून कमांड चालवायची सोय) आत शिरून आवृत्ती विचारली की स्क्रीनवर उमटतं २.७.५. ते सेंटओएस ७ या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आलेलं पायथन. पायथन २ चा कारभार, म्हणजे दुरुस्त्या मिळणं, १ जानेवारी २०२० ला आटोपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. जँगो ५.२ ला किमान पायथन ३.१० लागतं. मुलगा खोटं बोलत नसतो; सर्व्हरवर पायथन असतंच.

त्याऐवजी असं विचारा: सीपॅनलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पानावर) 'सेटअप पायथन अ‍ॅप' आहे का, आणि त्यातल्या आवृत्त्यांच्या यादीत ३.१० किंवा पुढचं काही दिसतं का? तोंडी उत्तर नको, स्क्रीनशॉट मागा. एसएसएच मिळतं का तेही विचारा, कारण मायग्रेट (डेटाबेसची टेबलं तयार करणारी) आणि कलेक्टस्टॅटिक (सीएसएस वगैरे फाइली एकत्र करणारी) या जँगोच्या कमांड कुठूनतरी चालवाव्या लागणारच. डेटाबेस मारियाडीबी असेल तर जँगो ५.२ ला १०.५ च्या खालचा चालत नाही.

हे सगळं असेल तर नवं होस्टिंग घेऊच नका. त्या बटणामागे बहुतेक वेळा पॅसेंजर नावाचा प्रोग्रॅम असतो, तो तुमची प्रोसेस जागी ठेवतो. बराच वेळ कोणी फिरकलं नाही तर झोपवतोही, म्हणून सकाळी पहिलं पान रेंगाळत उघडतं. वाचनालयाला तेवढं चालतं. कोड बदलला की अ‍ॅप रीस्टार्ट करायला विसरू नका, नाहीतर जुनंच पान बघत बसाल. डीबग (चुका शोधायचा मोड) बंद केल्यावर सीएसएस, म्हणजे पानांची सजावट, गायब झालं तर घाबरू नका, त्या फाइली पुरवणारी व्हाइटनॉइज ही लायब्ररी बसवा. पुस्तक परत करायच्या आठवणीची मेल पाठवायला सेलरीच्या (मागे कामं चालवणारी वेगळी यंत्रणा) भानगडीत पडू नका; जँगोची एक कमांड लिहून रोज रात्री क्रॉनने, म्हणजे सर्व्हरच्या वेळापत्रकाने, चालवली की पुरतं.

ही सोय नसेल तर माझी पहिली पसंती पायथनएनीव्हेअर ही होस्टिंग सेवा, पैसे भरून घेतलेला प्लॅन. तिथे सगळी मांडणी पायथनसाठीच आहे. हेरोकू या होस्टिंग सेवेबद्दलच्या जुन्या लेखांमागे जाऊ नका: फुकट प्लॅन नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झाले, शिवाय तिथली डिस्क टिकाऊ नाही. एसक्यूलाइटची फाइल (सगळा डेटाबेस एकाच फाइलीत) ठेवलीत तर रीस्टार्टनंतर सभासदच नाहीसे.

व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र आभासी सर्व्हरवर, मात्र सगळं चालतं. असे सर्व्हर देणाऱ्यांपैकी एडब्ल्यूएसचं (अ‍ॅमेझॉनची सेवा) मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, लिनोडचंही मुंबईत आहे, डिजिटलओशनचं बंगळुरूत. छोटं मशीन महिना ५-६ डॉलरच्या आसपास पडतं, वर १८ टक्के जीएसटी. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला एका फेरीला २०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा जास्त लागतात, तेव्हा इथलंच घ्या. पण अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात येतं. समितीत ते बघणारं कोणी असेल तरच या वाटेला जा.

आणि कुठेही घ्या, खातं आणि डोमेन वाचनालयाच्या ईमेलवर, बिल वाचनालयाच्या नावाने घ्या, तुमच्या नव्हे. खजिनदार हिशेबाला बिल मागणारच, आणि उद्या तुम्ही नोकरीसाठी पुण्याला गेलात तर नूतनीकरणाचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येऊन काय उपयोग? सीपॅनलचा स्क्रीनशॉट मिळाला की इथे टाका, आवृत्त्या बघून पुढचं सांगतो.