टॅमॉक्सिफेन चालू असताना नैराश्याची गोळी

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मला रोज टॅमॉक्सिफेन घ्यावे लागते. नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिन त्याआधीपासूनच सुरू आहे. ही दोन औषधे एकत्र घेऊ नयेत, असे नुकतेच कानावर आले. पॅरॉक्सेटिन आजच बंद करू का?

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, पण कृपा करून पॅरॉक्सेटिन स्वतःहून बंद करू नका. ते एकाएकी थांबवले तर चक्कर, मळमळ, झोपमोड, अंगातून विजेची चमक गेल्यासारखे वाटणे असे त्रास सुरू होऊ शकतात. शिवाय नैराश्य उलटण्याची भीती वेगळीच.

टॅमॉक्सिफेन मूळ रूपात फारसे प्रभावी नसते. यकृतातील सीवायपी२डी६ हे एंझाइम त्यापासून एंडॉक्सिफेन तयार करण्यात मोठा वाटा उचलते, आणि कर्करोगाच्या पेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची जागा अडवून धरण्याचे काम प्रामुख्याने हे एंडॉक्सिफेन करते. पॅरॉक्सेटिन नेमके याच एंझाइमला निकामी करते, त्यामुळे गोळी न चुकता घेऊनही रक्तात एंडॉक्सिफेन कमी पडते. एक गोळी सकाळी आणि दुसरी रात्री घेतल्यानेही हे टळत नाही. रुग्णाला यातले काहीच जाणवत नाही, हीच मला सर्वांत काळजीची बाब वाटते.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील रुग्णांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ही दोन औषधे जितका अधिक काळ एकत्र घेतली गेली, तितके स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक, असे त्यात दिसले. पुढच्या सर्वच अभ्यासांत हा संबंध आढळला नाही. तरीही चांगला पर्याय हाताशी असताना हा धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नैराश्यावरील इतर औषधांपैकी फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन हेही या एंझाइमला जोरदार अडवतात. व्हेन्लाफॅक्सिन आणि एस्सिटॅलोप्रॅम यांचा त्यावर फारच थोडा परिणाम होतो, आणि टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून येणाऱ्या गरम वाफा व्हेन्लाफॅक्सिनने कमी होऊ शकतात. मात्र व्हेन्लाफॅक्सिन घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते, तर एस्सिटॅलोप्रॅम निवडल्यास हृदयाचा ईसीजी काढावा लागू शकतो. औषध बदलताना पॅरॉक्सेटिनची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. हे वेळापत्रक मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. टॅमॉक्सिफेन तोवर चालूच ठेवा आणि या बदलाची माहिती कर्करोगतज्ज्ञांनाही द्या.