वॅट मशीन बघून नाही, कॉइल बघून ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडहून कामासाठी मँचेस्टरला गेलात, दिवसाला पंधरा सिगारेटी सोडायच्या म्हणून पॉड, म्हणजे छोटी ई-सिगारेट, घेतलंत. मशीन ३० वॅटपर्यंत जातं, तुम्ही २५ वर ठेवलंत. दोन दिवसांत घसा सोलवटला, जळकी चव यायला लागली. लिक्विड मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम निकोटिनचं, ते तापवणारी तारेची कॉइल ०.८ ओहमची.

आधी कॉइल बाहेर काढा आणि तिच्यावर काय छापलंय ते वाचा. या ओहमच्या कॉइलवर साधारण १२ ते १६ वॅटच्या आसपासचा आकडा असतो. ३० हा आकडा मशीनच्या ताकदीचा. त्याच मशीनवर कमी ओहमची, जास्त वॅट खाणारी कॉइलही बसते, म्हणून तेवढी सोय दिलेली असते.

आत नेमकं काय होतं ते कळलं की आकडा पाठ करावा लागत नाही. तारेभोवती कापूस असतो आणि तो लिक्विड ओढून घेतो, निरांजनातली वात तूप ओढते तसा. तूप आहे तोवर वात टिकते. तूप संपलं की वातच जळते. इथेही तेच. कापूस ओला आहे तोवर बरीचशी उष्णता लिक्विडची वाफ करण्यात खर्च होते आणि तार फार तापत नाही. तुम्ही २५ वॅट दिलेत, म्हणजे वाफ भराभर झाली, पण कापसाला तेवढ्या वेगाने लिक्विड ओढता आलं नाही. मग कोरडा कापूस जळला. हा नुसता चवीचा प्रश्न नाही. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल जास्त तापले की फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन अशी घातक द्रव्यं तयार होतात. कढईतलं तेल जळल्यावर डोळ्यांना जो धूर झोंबतो, त्यातही अ‍ॅक्रोलीन असतं. जळका झुरका आला की तिथेच थांबा. 'एवढी कॉइल संपवून टाकू' असं करू नका.

मी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, ओहमचा नियम रोजच्या कामातला. तरी पहिल्या महिन्यात हीच चूक केली. सिगारेटसारखी किक येत नाही म्हणून १.२ ओहमच्या कॉइलला वॅट चढवत गेलो. शेवटी केबिनमध्ये चिमट्याने कॉइल उघडली. कापूस दोन्ही टोकांना पांढरा आणि मधे काळा ठिक्कर, तारेवर करपलेल्या गुळासारखा थर. हे आपण छातीत ओढत होतो, या विचाराने मी त्या दिवशी फार अस्वस्थ झालो.

तुमचं खरं दुखणं वॅटमध्ये नाहीच. पंधरा सिगारेटी ओढणाऱ्याला अशा छोट्या पॉडमध्ये ३ मिलिग्रॅम पुरत नाही. ते लिक्विड मोठ्या, भरपूर वाफ काढणाऱ्या मशीनसाठी असतं. तलफ भागेना म्हणून तुम्ही वॅट वाढवलात. त्याऐवजी निकोटिन वाढवा. ब्रिटनमध्ये कायद्याने २० मिलिग्रॅमपर्यंतच मिळतं. १० किंवा १२ घेऊन बघा, नंतर हळूहळू उतरवा. लिक्विड अर्धं ग्लिसरीन, अर्धं प्रॉपिलीन ग्लायकॉल अशा मिश्रणाचं घ्या. तिकडच्या थंडीत ग्लिसरीन जास्त असलेलं लिक्विड घट्ट होतं आणि छोट्या कॉइलच्या भोकांतून शिरत नाही.

जळलेली कॉइल सुधारत नाही, फेकून द्या. नव्या कॉइलच्या कापसावर चार-पाच थेंब टाका, पॉड भरा आणि दहा मिनिटं हात लावू नका. १२ वॅटवर सुरू करा, मग अर्धा-अर्धा वॅट वर. चव भरून आली की तिथे थांबा. माझा अंदाज, तुम्ही १३-१४ वर स्थिरावाल. दोन झुरक्यांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या, कापसाला परत भिजायला तेवढा वेळ लागतो.

८० वॅटचं मोठं मशीन घ्या असा सल्ला तुम्हाला मिळालाय, तो मला पटत नाही. ०.२ ओहमच्या कॉइलला ६० वॅट दिले की तिच्यातून १७ अँपिअरच्या वर करंट जातो. अशा मशीनमध्ये घालायच्या सुट्ट्या सेलची पारख नसलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

आणि सुट्टीवर घरी याल तेव्हा हे सगळं तिकडेच ठेवून या. आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे. आयातीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबई विमानतळावर 'माझ्यापुरतंच आहे' म्हणून सुटाल या भरवशावर राहू नका. त्या दिवसांसाठी निकोटिनची च्युइंगगम इथे केमिस्टकडे मिळते, आणि तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६. मी स्वतः शेवटचा टप्पा गमवरच पार केला, गिरगावातल्या घरी बसून, पाच महिन्यांत.

नव्या कॉइलवर काय आकडा छापलाय तेवढं कळवा.