बचत गटाच्या बैठकीत एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणारा विषाणू) लसीची माहिती दिल्याने आयांचे मत खरोखर बदलते का?

हो, बदलते; मात्र नुसती माहितीपत्रके वाटून नव्हे, तर आयांच्या शंका आधी ऐकून घेऊन त्यांना नेमकी उत्तरे दिल्यावर. करवीर तालुक्यातील गावांत आरोग्य शिक्षणाचे काम करताना मला दिसले आहे की, विरोध लसीला फारसा नसतोच. ‘पोरगी अजून लहान हाय, आत्ताच कशाला?’ हा प्रश्न बहुतेक बैठकांत येतो आणि त्यामागे लसीचा संबंध मुलीच्या चारित्र्याशी जोडला जाईल, ही धास्ती असते. विषाणूचा संसर्ग होण्यापूर्वी घेतलेली लसच सर्वांत प्रभावी ठरते, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने प्रामुख्याने ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी ती सुचवली आहे, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के प्रकरणांमागे या विषाणूचे १६ व १८ हे दोनच प्रकार असतात, एवढे शांतपणे सांगितले की चर्चा चारित्र्यावरून आजारावर येते. लसीमुळे पुढे मूल होण्यात अडचण येते, या समजाला शास्त्रीय आधार नाही, हेही कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. ही शंका मनात असूनही बायका चारचौघींत बोलून दाखवत नाहीत. मात्र आईचे मत बदलले म्हणजे मुलीला लस मिळालीच, असे समजू नये, कारण खर्चाचा आणि अखेरचा निर्णय पुष्कळ घरांत वडील किंवा आजी घेतात; म्हणून पुढच्या बैठकीला त्यांनाही आवर्जून बोलवा.