घरचा सर्व्हर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे जुना आय-५ पीसी आहे, ८ जीबी रॅम. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स (एका पीसीच्या आत नकली पीसी, म्हणजे मशीन, चालवणारा प्रोग्राम) टाकून त्यात उबुंटू सर्व्हर (लिनक्सचा एक प्रकार) बसवला, मग त्याचा क्लोन (हुबेहूब नक्कल) करून दुसरा बनवला. एकात गावच्या वाचनालयाची साइट अन् दुसऱ्यात संत्र्याच्या बागेचा हिशोब ठेवायचा आहे. पण दोन्ही मशीनमध्ये अ‍ॅड्रेस एकच दिसून राहिला, १०.०.२.१५, आणि मोबाईलवरून काहीच उघडत नाही. काहून असं होते?
– एक वाचक, वरूड तालुका

उत्तर: भाऊ, इन्स्टॉल चुकलं नाही तुमचं, अडलंय ते नेटवर्कच्या एका सेटिंगमध्ये. व्हर्च्युअलबॉक्स नवीन मशीनला आपणहून नॅट लावतो, म्हणजे प्रत्येक मशीन पीसीच्या पोटात वेगळ्या बंद खोलीत बसते आणि प्रत्येक खोलीचा नंबर तोच, १०.०.२.१५. आतून बाहेर जाता येतं म्हणून अपडेट वगैरे नीट होतात आणि आपल्याला वाटतं सगळं बरोबर आहे, पण बाहेरून आत यायला दारच नाही.

मशीन बंद करा, सेटिंग्जमध्ये नेटवर्कला जा, नॅटच्या जागी, मशीनला थेट राउटरशी जोडणारा, ब्रिज्ड अ‍ॅडाप्टर घ्या आणि खाली कार्ड निवडताना केबलवालं निवडा, वायफायचं नको. वायफायवर ब्रिज कधी चालतो कधी रुसतो, कारण राउटर एका वायफाय कार्डामागे एकच ओळख-नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस धरून चालतो आणि आपण तर त्याच्यामागे अजून दोन मशीन उभ्या करतोय. दहा मीटर लॅनची केबल आणा, माझं ऐका, तिथे पैसे वाचवू नका.

आता तुम्ही क्लोन केलंय म्हणून हे नीट वाचा, कारण यात मी स्वतः दोन रात्री घालवल्या आहेत. ब्रिज लावला, राउटरनं अ‍ॅड्रेस दिला १९२.१६८.१.७, दुसरी मशीन चालू केली तर तिलाही १९२.१६८.१.७! मॅक अ‍ॅड्रेस वेगळे होते, तरी असं. कारण असं की उबुंटू सर्व्हर राउटरकडे अ‍ॅड्रेस मागताना मॅक नाही तर मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख सांगतो, आणि क्लोनमध्ये ती आयडी जशीच्या तशी उतरते, मग राउटरला वाटतं एकच माणूस दोनदा आला. क्लोनमध्ये ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी नावाची फाईल (/etc/machine-id) रिकामी करा (डिलीट नाही करायची, फक्त रिकामी) आणि रिस्टार्ट मारा, नवीन आयडी आपोआप बनते. क्लोन करताना नवीन मॅक अ‍ॅड्रेस बनवायचा पर्याय असतो, तोही घेतलेला असू द्या.

मग राउटरच्या पानावर जाऊन दोघांनाही पक्के अ‍ॅड्रेस बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५० आणि ५१, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की पुन्हा शोधाशोध. रॅम प्रत्येकी १ जीबी पुरते, डेस्कटॉपवालं उबुंटू टाकू नका, खिडक्या-चित्रं दाखवण्यातच ते निम्मी रॅम खातं. विंडोजचा तुम्हाला बाकी काही उपयोग नसेल तर पुढे प्रॉक्समॉक्सकडे (विंडोजच्या जागी बसून अशा मशीन चालवणारी सिस्टम) वळा, ते डेबियन या लिनक्सवर उभं आहे, फुकट वापरता येतं आणि ब्रिज इन्स्टॉल करतानाच बनवून देतं. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का तेवढं आधी पाहून घ्या.

प्रश्न: घरात साइट उघडते. राउटरमध्ये पोर्ट ८० (साइटचं दार) मशीनकडे फॉरवर्ड केला, तरी नागपूरला शिकणाऱ्या भावाला उघडत नाही. राउटरवर वॅन (कंपनीकडून मिळालेला बाहेरचा) अ‍ॅड्रेस १००.७२ नं सुरू होतो.
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: ताई, उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीतच आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे अ‍ॅड्रेस २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. आयपीव्ही४ चे (म्हणजे १९२.१६८.१.७ सारख्या चार आकड्यांचे) सगळे मिळून अ‍ॅड्रेस सुमारे ४२९ कोटी, ते कधीच कमी पडायला लागले, म्हणून कंपनी शेकडो घरांना मिळून एकच खरा अ‍ॅड्रेस वापरते, याला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही तुमच्या घराचं फाटक उघडलं, पण गावाच्या वेशीवरचं फाटक कंपनीच्या ताब्यात आहे. राउटरमध्ये अजून कितीही खटपट केली तरी फरक पडणार नाही, तो वेळ वाया घालवू नका.

फक्त भावालाच दाखवायचं असेल तर दोघांकडे टेलस्केल (दूरच्या मशीनना खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्राम) टाका, काम झालं, आणि साइट जगापुढे उघडी पडत नाही हे मला जास्त आवडतं. सगळ्यांना दाखवायची असेल तर क्लाउडफ्लेअरचा टनेल घ्या, त्यात तुमची मशीनच आतून बाहेर कनेक्शन जोडते म्हणून कुठलंही फाटक उघडावं लागत नाही, डोमेन (साइटचं नाव) मात्र विकत घ्यावं लागेल. कंपनी पैसे घेऊन स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा खरा पत्ता) देत असेल तर तोही रस्ता आहे, पण मग रोज जगभरातून कोणी ना कोणी दार ठोकत राहील, पासवर्डनं लॉगिन बंद करून की-वर (किल्लीसारख्या फाईलवर) जाणं तेव्हा सक्तीचं समजा.

प्रश्न: लाइन गेली की टिनाच्या खोलीतला पीसी धाडकन बंद पडतो, एकदा मशीन परत सुरूच झाली नाही.
– एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर: इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका, काही इन्व्हर्टर लाइन बदलताना इतका वेळ घेतात की पीसी तेवढ्यातच रिस्टार्ट होतो. यूएसबी केबलवाला छोटा यूपीएस घ्या, बॅटरी उतरत आली की तो पीसीला कळवतो आणि पीसी व्यवस्थित बंद होतो, फक्त आतल्या मशीन आधी बंद व्हाव्यात अशी सोय करून ठेवा. राउटरलाही त्याच्यावरच घ्या. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो, आठवड्यातून एकदा मशीन बंद करून तिचं अख्खं फोल्डर दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी करा. आणि पीसी टिनाच्या खोलीतून हलवा, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात सोयाबीन काढणीच्या दिवसातला भुस्सा पंख्यात बसलेला असतो, तो दिवाळीनंतर एकदा ब्रशनं साफ करायचाच.