पांढरी मुळी चालली, तर जिवाणू आत

ड्रिपमधून बॅसिलस हे उपयोगी जिवाणू सोडतो. ते केळीच्या आत जातं, की नुसतं मातीत पडून राहतं? (रावेर)

भाऊ, थोडंच आत जातं. बाकीचं मातीत राहतं, नाहीतर मरतं. कोणाला जवळ करायचं हे बरंचसं मुळी ठरवते. पानांनी तयार केलेल्या अन्नातला काही वाटा मुळं साखर, अमिनो आम्लं आणि सेंद्रिय आम्लांच्या रूपात बाहेर सोडतात. त्या स्रावाचा माग काढत जिवाणू मुळीकडे पोहत येतात. पण येणं वेगळं, ठाण मांडणं वेगळं. काकडीच्या मुळांतून येणारं सायट्रिक आम्ल बॅसिलसच्या एका वाणाला ओढूनही घेतं आणि मुळीवर चिकट थरही करायला लावतं. केळीच्या स्रावातल्या फ्युमॅरिक आम्लाने त्याच वाणाचा थर वाढला, ओढ मात्र वाढली नाही. म्हणून जिवाणूंच्या एकाच बाटलीचा गुण सगळ्या पिकांत सारखा येत नाही.

आत शिरायची वाट म्हणजे बाजूची नवी मुळी फुटताना सालीला पडणारी बारीक चीर आणि मुळीच्या टोकाजवळचा कोवळा भाग. तेव्हा सोडायच्या आधी ड्रिपरजवळ चार बोटं माती उकरून बघा. पांढरी, ताठ मुळी दिसली तर सोडा. मुळ्या काळ्या पडून बोटात साल सुटत असेल, तर आधी पाणी कमी करून वाफसा आणा, म्हणजे माती चिखल न राहता नुसती ओलसर होऊ द्या. आपल्या काळ्या जमिनीत बहुतेक बागांचं दुखणं तेच असतं, आणि दोष मात्र बाटलीला!

सोबत गूळ वाढवला तर? (चोपडा)

ड्रममध्ये जिवाणू वाढवायला गूळ ठीक. जमिनीत तो ज्याला सापडेल तो खातो, रोगाची बुरशीसुद्धा.

करपा पानावर, मग जिवाणूंची आळवणी (पाण्यातून ओतणं) मुळाला कशासाठी? (यावल)

प्रश्न रास्त आहे. ॲराबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहानशा रोपावर 2008 साली दिसलं, की पानाला जिवाणूजन्य रोग झाला की मुळं मॅलिक आम्ल जास्त सोडतात आणि बॅसिलस सबटिलिस मुळीशी गोळा होतो. मात्र ते रोप केळी नव्हे, आणि आपला करपा, म्हणजे सिगाटोका, बुरशीचा. आळवणी करा हवी तर, पण करप्याची रोगट पानं कापणं आणि फवारणी चुकवू नका.

हरभऱ्याला युरिया दिला, यंदा मुळांवर गाठीच नाहीत. (शिरपूर)

ताई, नत्र आयतं मिळालं की हरभरा रायझोबियमची, म्हणजे गाठीत राहून नत्र धरणाऱ्या जिवाणूची, फारशी गरज ठेवत नाही. एरवी हरभऱ्याची मुळं फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतात, त्याने रायझोबियमची गाठ करणारी जनुकं जागी होतात आणि तो मूळरोमातून आत येतो. पुढच्या वेळी हरभऱ्याचंच जिवाणू कल्चर बियाण्याला लावा, सोयाबीनचं उरलेलं चालत नाही. गाठी आल्या की एक नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर ती नत्र धरते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच टाकीत? (भुसावळ)

नको. तांबं जिवाणूंनाही मारतं. मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या.