नेरिका गाजली, मग आफ्रिका तांदूळ विकत का घेते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेरिका (आफ्रिकी आणि आशियाई भाताच्या संकरातून आलेले वाण) या भाताचा एवढा गाजावाजा झाला, जपान सरकारपासून रॉकफेलर फाउंडेशनपर्यंत सगळ्यांनी पैसा घातला, तरी पश्चिम आफ्रिका आपल्याकडून तांदूळ घेतेच, म्हणजे या भागीदाऱ्या कागदावरच्या का?

नाही. २००८ मध्ये योकोहामाच्या परिषदेत जपानची सरकारी मदतसंस्था जायका आणि आफ्रिकेतल्या संस्थांनी मिळून 'कार्ड' ही आघाडी काढली. सहारेखालच्या आफ्रिकेचं भातउत्पादन दहा वर्षांत १४० लाख टनांवरून २८० लाखांवर न्यायचं ठरलं, आणि ते गाठलंही. पण खाणारी तोंडंही वाढली, शहरं वाढली, आणि ज्वारी-बाजरीपेक्षा भात पटकन शिजतो. त्यामुळे आयातीचा आकडा बघून संशोधनाला नापास करू नका.

नेरिकामागचं काम खरोखर मोठं आहे. आफ्रिकेचा स्वतःचा भात, ओरायझा ग्लाबेरिमा, तणाला दाबतो, हाल सोसतो; पण शेतात आडवा लोळतो आणि दाणे झडतात. आशियाई भाताशी संकर केला की संतती वांझ. सिएरा लिओनचे माँटी जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात आयव्हरी कोस्टमधल्या बुआके इथे, आज आफ्रिका राइस म्हणतात त्या भात संशोधन केंद्रात, पुन्हा पुन्हा संकर आणि परागकोश संवर्धन (परागकोशातून प्रयोगशाळेत रोप वाढवणं) करून ही अडचण सोडवली. २००४ चा जागतिक अन्न पुरस्कार जोन्सना मिळाला, चीनच्या युआन लाँगपिंग यांच्याबरोबर विभागून. तोवर २००२ च्या यादवीमुळे या केंद्राला बुआके सोडावं लागलं होतं. आधी मालीतलं बामाको, मग बेनिनमधलं कोतोनू, आणि २०१५ ला परत आयव्हरी कोस्ट, या वेळी आबिजान.

मी बियाण्यांच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे मला घोडं कुठे अडतं ते लगेच दिसतं. वाण तयार होणं ही सुरुवात. पुढे ते बी टप्प्याटप्प्यानं वाढवायचं: आधी पैदासकार बियाणं, मग पायाभूत, मग प्रमाणित, आणि ते पेरणीआधी गावात पोचायला हवं. भात स्वपरागी (स्वतःच्याच परागानं फळणारा), शेतकरी घरचंच बी राखतो, म्हणून खाजगी कंपनीला त्यात रस नाही. हे काम सरकारी यंत्रणेलाच करावं लागतं आणि नेमकी तीच बऱ्याच देशांत दुबळी. देणगीदाराला नव्या वाणाच्या उद्घाटनाचा फोटो हवा असतो, बीजगुणन केंद्राच्या पगारपत्रकाचा नाही. (आपल्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा.)

मला विचाराल तर भागीदारीचं खरं उदाहरण सेनेगल नदीच्या खोऱ्यातलं 'एएसआय' मळणी यंत्र. फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेचा नमुना आणून तो तिथल्या भाताला जुळेल असा बदलून घेतला. त्यात तीन संस्था होत्या: आफ्रिका राइस, सेनेगलची कृषी संशोधन संस्था आणि खोऱ्याचं सिंचन बघणारं महामंडळ. नाव त्यांच्याच आद्याक्षरांचं. शिवाय स्थानिक लोहार-फॅब्रिकेटर पहिल्यापासून बरोबर होते, म्हणून यंत्र गावातच बनतं आणि मोडलं तर गावातच दुरुस्त होतं. दिवसाला साधारण सहा टन मळणी. पूर्वी पेंढ्या हातानं झोडपायच्या. कापलेलं भात शेतात पडून राहायचं, जास्त वाळायचं आणि गिरणीत गेल्यावर त्याचा तुकडा व्हायचा. नेरिकाइतकं कौतुक या यंत्राच्या वाट्याला आलं नाही.

आता आपल्याकडच्या खरेदीबद्दल. सेनेगलला कणीच आवडते. फ्रेंचांनी इंडोचायनातून आणून ती सवय लावली. २०२२ च्या सप्टेंबरात भारतानं कणीची निर्यात बंद केली, तेव्हा मधल्या काळात सेनेगल आणि गांबियासाठी सरकारी पातळीवर खास परवानगी द्यावी लागली. बंदी पूर्ण उठली ती थेट २०२५ च्या मार्चमध्ये.