गावापासून लपव, नर्सबाईपासून नको

पत्र: "मावशी, मी २४ वर्षांची. देवगड तालुक्यातल्या एका वाडीत सासूबाई, थोरले दीर आणि जाऊ यांच्यासोबत राहते. नवरा मुंबईला कामाला. शेवटची पाळी आली त्याला सात आठवडे झाले. किट आणून तपासलं, दोन रेघा आल्या. सासूबाई म्हणतात, 'तीन म्हयने कोणाक कळाक नको, दृष्ट लागता.' गेल्या वर्षी जावेचं तिसऱ्या महिन्यात पडलं, तेव्हापासून त्या धास्तावल्यात. आशाताई आमच्याच भावकीतल्या, म्हणून त्यांनाही सांगायचं नाही असं ठरलंय. पण कळायच्या आधी मी दोन दिवस लावणीला गेले होते. मिश्रीही लावते, लहानपणापासूनची सवय. सकाळी उलट्या होतात, मासळीचा वास सोसत नाही. माझ्या हातून बाळाला काही झालं असेल का? आणि विचारू तरी कोणाला?"

बाय माझे,

पहिल्यांदा लावणीचं सांगते, कारण रात्री तुझी झोप त्यानेच उडाली असणार. वाकून रोपं लावली म्हणून गर्भ पडत नाही. रिक्षाच्या हिसक्यांनीही पडत नाही. तसं असतं तर मुंबई-गोवा रस्त्यावरून जाऊन-येऊन असणाऱ्या बायकांना पोरंच झाली नसती. लावणीतली खरी भीती पाण्याची. उंदरा-गुरांचं मूत मिसळलेल्या चिखलात उभं राहिलं, पायाला जखम असली, की लेप्टो होऊ शकतो. तो ताप साधारण पाच ते चौदा दिवसांत येतो, क्वचित महिन्याभरानेही. तुला ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालेलं नसेल तर झाली गोष्ट सोडून दे. आता मात्र यंदाची लावणी तुझ्यापुरती संपली. ताप आलाच तर त्याच दिवशी दवाखाना गाठ, आणि 'मी शेतातल्या पाण्यात होते, मला दिवस गेलेत' ही दोन्ही वाक्यं डॉक्टरांना सांग. पावसाळ्यात लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतात, त्या गरोदर बाईने घ्यायच्या नसतात. बघ, गुपित ठेवलं की इथेच घोटाळा होतो. वाटणाऱ्याला माहीतच नसेल तर तो तुझ्याही हातावर गोळी ठेवून पुढे जाईल.

मी उपकेंद्रात नर्स म्हणून आयुष्य काढलं. 'तीन महिने सांगायचं नाही' हे इतक्या घरांत ऐकलंय की सासूबाईंवर मला राग येत नाही. एकदा पोळलेल्या घराची ती भीती आहे. पण त्या तीन महिन्यांत आत काय चाललेलं असतं ते ऐक.

डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणून तुझे सात आठवडे म्हणजे गर्भ राहून साधारण पाचच झाले. आत्ता तो जेमतेम चिंचोक्याएवढा आहे, एक सेंटिमीटरच्या आसपास. पण त्याचं हृदय धडधडायला लागून आठवडा होऊन गेला असेल. हातापायांचे नुसते कोंब फुटलेत. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतात ती नळी सहाव्या आठवड्याच्या सुमारासच मिटते. दहाव्या आठवड्याला तो काजूगराएवढा होईल, वाकलेलाही तसाच, आणि बोटं सुटी झालेली असतील. बारा आठवडे भरले की पाच सेंटिमीटरच्या वर लांबी, आणि बहुतेक सगळे अवयव जागच्या जागी. पुढचे सहा महिने मुख्यतः वाढायचं, भरायचं, पिकायचं काम. घराचा पाया आणि वासे पहिल्या तीन महिन्यांतच उभे राहतात, आणि नेमके तेवढे दिवस आपण गवंड्याला आत येऊ देत नाही!

फोलिक ॲसिडचं खरं ते सांगते. ४०० मायक्रोग्रॅमची ही गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते, ती त्या नळीसाठीच. तुझी ती वेळ बहुधा उलटून गेली. म्हणून घाबरू नकोस, गोळी न घेतलेल्या बहुतेक बायकांची बाळं धडधाकट असतात, आणि अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत कणा नीट बघतात. पण आजपासून ती सुरू कर, बारा आठवडे होईपर्यंत रोज एक. उपकेंद्रात फुकट मिळते. लोहाची लाल गोळी त्यानंतर, चौथ्या महिन्यापासून. ती घेशील तेव्हा चहाबरोबर घेऊ नकोस, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू किंवा आवळा सोबत असला तर उत्तम.

आता मिश्री. यावर मी गोड बोलणार नाही. आपल्याकडे आईच मुलीच्या बोटावर मिश्री ठेवते, त्यामुळे बायकांना तो तंबाखू वाटतच नाही. तव्यावर भाजून काळा केला तरी तो तंबाखूच. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं, बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो, बाळ कमी वजनाचं होतं, दिवस भरायच्या आधी येऊ शकतं. तू आजवर लावलीस ते पुसता येणार नाही, पण आज सोडलीस तर उरलेल्या दिवसांचा फायदा पुरेपूर मिळेल. पहिले चार-पाच दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, परसाकडे साफ होणार नाही. बहुतेक जणी याच शेवटच्या कारणासाठी परत डबी उघडतात. त्याला कोमट पाणी, पालेभाजी, पिकलेली केळी. मिश्रीची डबी जावेकडे देऊन टाक, तीही लावत असेल तर फेकूनच द्या. १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी फुकट नंबर आहे.

उलट्या बहुधा नवव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतात, चौथ्या महिन्यात बऱ्याच जणींच्या थांबतात. उपाशी पोटाला मळमळ जास्त, म्हणून उठायच्या आधीच अंथरुणात सुकं काहीतरी चाव, टोस्ट, चुरमुरे. मग उकड्या तांदळाची पेज, थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा. आल्याचा तुकडा चघळून बघ. मात्र पाणीही ठरत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल, वजन उतरत असेल तर ते 'सगळ्यांनाच होतं' म्हणून सोडायचं नाही. सलाईन लागतं.

मासळी नको वाटते तर सध्या नको खाऊस. मासेमारी बंदीच्या दिवसांत तशीही ताजी फारशी नसते. डाळ, कुळथाची पिठी, अंडी, चवळी यांवर निभेल. नारळी पौर्णिमेनंतर तोंडाला चव आली की तारली, बांगडा, बोंबील, कोळंबी खुशाल खा, नीट शिजवून. मोरी (शार्क) मात्र वर्ज्य. मोठ्या शिकारी माशात पारा साठतो, म्हणून सुरमईही क्वचित. कच्ची-अर्धकच्ची पपई नको, पूर्ण पिकलेली चालते. आणि 'गरम पडतं' म्हणून अंडं बंद करणाऱ्यांकडे दुर्लक्ष कर.

राहिली जाऊ. दिवस गेल्याचं कळलेल्या दर १०० पैकी १० ते २० गर्भ आपोआप पडतात, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचीच चूक असते, बीज जुळतानाच झालेली. नजरेने नाही, तिच्या कामाने नाही. तिला हे कोणी सांगितलं होतं का? मला वाटतं नसेल. ज्याची बातमीच नव्हती त्याचं दुःख करायलाही कोणी आलं नसेल, आणि चार दिवसांत ती परत चुलीपाशी असेल. गुपिताची ही दुसरी बाजू.

भावकीतल्या आशाताईची अडचण खरी आहे. सांगायला त्याच योग्य, पण तुमचं मन होत नसेल तर थेट उपकेंद्राच्या नर्सबाईकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात जा आणि 'एवढ्यात कोणाला सांगू नका' असं तोंडाने म्हण. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदव. माता-बाल कार्ड मिळेल, हिमोग्लोबिन, रक्तगट, बीपी, साखर, लघवी, कावीळ बी, एचआयव्ही, गुप्तरोग हे सगळं तपासतील. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर पुढे इंजेक्शन लागतं, ते आधी माहीत असलेलं बरं. एक सोनोग्राफी आता करून घे, गर्भ पिशवीतच आहे ना आणि ठोका आहे ना एवढ्यासाठी. (मुलगा-मुलगी विचारायचं नाही, १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.) पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपयेही नोंदणीशिवाय मिळत नाहीत. सासूबाईंना हे शेवटचं वाक्य आधी सांग.

अंगावरून रक्त गेलं, पोटात एका बाजूला कळ आली, खांद्यात दुखलं, चक्कर येऊन पडलीस, तर कोणाला कळेल याचा विचार करू नकोस. १०८ ला फोन. गर्भ पिशवीबाहेर, बीजनळीत अडकला असेल तर तिथे तासांचा प्रश्न असतो.

आणि पहिल्या तपासणीला जावेला सोबत घेऊन जा. ती 'मी कशाक' म्हणेल. तरी ने. तिथे डॉक्टर मोकळे दिसले तर तिचंही विचार, तिला परत दिवस राहायच्या आधी फोलिकची गोळी सुरू करायला हवी.

तुझी मावशी